शंखी गोगलगाय: ओढ्याकाठच्या १४ एकर सोयाबीनवरच्या कामाच्या नोंदी

ठिकाण लातूर जिल्हा. काळी भारी जमीन, ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून १४ एकर, शेतकरी पाच. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखीनं, म्हणजे आफ्रिकन मोठ्या गोगलगायीनं, कोवळं सोयाबीन फस्त केलं आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. या शिवारातही तेच झालं. त्यानंतर प्रत्येकानं आपापल्या बांधापुरतं बघितलं, आणि दरवर्षी ती शेजारच्या बांधावरून परत आली. यंदा पाचही जणांनी मिळून काम केलं, त्याच्या या नोंदी.

१२ मे

फक्त पाहणी. उन्हाळ्यात शंखी दिसत नाही, म्हणून ती नाही असं समजायचं नाही. तोंडावर पांढरट कडक पापुद्रा ओढून ती शंखात बंद होऊन पडते आणि पाऊस येईपर्यंत काही न खाता तग धरते. शोधायच्या जागा: बांधावरचे दगडांचे ढीग, जुन्या विहिरीचं दगडी बांधकाम, तुरीच्या धसकटांचे आणि भुसकटाचे ढीग, लिंबाच्या बुंध्याशी साचलेला पाला, पाइपांची चवड.

मोटारीच्या खोलीची ओढ्याकडची भिंत जवळून बघण्यासारखी आहे. गेल्या वर्षी दिलेल्या चुन्यावर नागमोडी खरवडल्याच्या रेघा आहेत, जणू कोणी बारीक कानसीनं घासलंय. शंख वाढवायला तिला चुना लागतो, तो ती भिंतीवरून खाते. तिथंच फितीसारखी वाळलेली विष्ठा आणि चकाकणारे चिकट माग. असे माग जिथं दाट दिसले तिथं काठी रोवून वर लाल चिंधी बांधली. एकूण २३ ठिकाणं निघाली. त्यातली १४ एकाच दोन एकरांच्या पडीक तुकड्याच्या कडेला आहेत. त्या तुकड्याचे मालक पुण्याला असतात.

१८ आणि १९ मे

सहा मजूर, दोन दिवस. दगडांचे ढीग उलथले, धसकटं उचलली, विहिरीच्या फटी लोखंडी सळईनं उकरल्या. बंद शंख ३८ किलो निघाले.

पहिली चूक इथंच झाली. हे शंख मिठाच्या पाण्यात टाकून ठेवले आणि काम झालं असं धरून चाललो. तिसऱ्या दिवशी ड्रम उलटा केला तर बरेच शंख जसेच्या तसे: तोंडावरचा पापुद्रा शाबूत, आत पाणी गेलंच नव्हतं. मूठभर शंख ओल्या गोणपाटावर ठेवून पाहिले, रात्रीत निम्मे चालायला लागले. बंद शंखीवर मिठाचा उपाय चालत नाही. मग अर्धा कापलेला लोखंडी ड्रम चुलीवर चढवला, तुराट्यांचा जाळ केला, पाणी खळखळ उकळल्यावर शंख टाकले आणि दहा मिनिटं उकळू दिले. एकही वाचली नाही. तुराट्या घरच्याच, खर्च शून्य. वास मात्र भयंकर येतो, तेव्हा चूल वस्तीपासून लांब मांडावी.

२४ मे

पडीक तुकड्याच्या मालकांना फोन केला. गवत कापायला हरकत नाही म्हणाले, खर्च मात्र आमचा. ग्रासकटर दोन दिवस चालला, २,००० रुपये गेले. नाहीतर बाकीची सगळी मेहनत पाण्यात होती, कारण शंखीचं माहेर तेच.

लिंबाची ११ झाडं बांधाला लागून आहेत. त्यांच्या बुंध्यांना १० टक्के बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) फासलं. तेवढ्यात निंबोणीची चार नवी रोपं कोणीतरी आणून ठेवलेली दिसली. पिशव्यांची माती हातानं फोडून पाहिली, तर एका पिशवीत साबुदाण्याएवढी पिवळसर पांढरी अंडी, साधारण शंभरेक. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात शंखी स्वतःच्या चालीनं फार जात नाही. रोपांची माती, शेणखत, गाळ, उसाचं बेणं यातून तिला आपणच नेतो. इथून पुढे पिशवीतलं रोप शेतात नेण्याआधी माती तपासायची असं ठरलं.

५ जून

संध्याकाळी पहिला मोठा पाऊस, ३४ मिमी. रात्री नऊला बॅटरी घेऊन फेरी मारली. चिंधी लावलेल्या २३ पैकी १९ ठिकाणी शंखी बाहेर आली होती.

६, ७ आणि ९ जून

रात्रीची वेचणी सुरू. वेळ साडेसात ते साडेनऊ. सामान: डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, रबरी हातमोजे, लांब चिमटे, झाकणाच्या बादल्या. हातमोज्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही. या गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात; त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. पोरांना सोबत आणायचं नाही, बादल्या विहिरीवर धुवायच्या नाहीत, घरी गेल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

मजुरी किलोवर ठेवली: किलोला १० रुपये. तीन रात्रींत ११८, ७४ आणि ५२ किलो, मिळून २४४. आकडे उतरताना बघून सगळे खूश. चौथ्या दिवशी पहाटे त्याच बांधावरून चक्कर मारली, तेव्हा खरा प्रकार कळला. मोठ्या मोठ्या शंखी उचलल्या होत्या आणि बोराएवढ्या जागेवरच सोडल्या होत्या. किलोवर पैसे दिले की माणूस वजन बघतो, यात मजुरांचा काय दोष? पण कोवळं रोप बुडापासून कातरायला ती बोराएवढीही पुरते.

१० तारखेपासून दोन तासांचे १५० रुपये, लहान-मोठी सगळी उचलायची. त्या रात्री ६१ किलो भरलं.

मिठाच्या पाण्याची दुसरी चूकही याच दिवसांतली. १५ लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ टाकलं होतं. सकाळी झाकण सरकलेलं, बादलीच्या बाहेर चाळीस-पन्नास शंखी, काही तर भिंतीवर चढलेल्या. आता लिटरला २०० ग्रॅम मीठ, झाकणावर दगड, आणि पाणी रात्रभर तसंच. चालत्या शंखीला एवढं पुरतं. तेच पाणी चार-पाच रात्री वापरता येतं. शेवटी ते ना शेतात ओतायचं, ना ओढ्यात. मुरमाच्या जुन्या खड्ड्यात टाकलं. ज्या दिवशी वेचणी जास्त, त्या दिवशी मिठाच्या भानगडीत न पडता सरळ उकळता ड्रम.

मेलेल्या शंखीसाठी तीन फूट खोल खड्डा खणला, प्रत्येक थरावर चुना आणि वर दीड फूट माती. सुरुवातीला खड्डा फूटभरच होता. कुत्र्यांनी रात्रीत उकरून सगळं वाटेवर पसरवलं. पायानं चिरडून टाकायची सवयही बंद केली. शंखाची किरच काचेसारखी घुसते आणि चिखलात अनवाणी चालणाऱ्याचा पाय आठवडाभर कामातून जातो.

११ जून

गोणपाटं. एक किलो गूळ दहा लिटर पाण्यात विरघळवून त्यात बारदान बुडवलं, एकरी दहा याप्रमाणे बांधाच्या कडेनं सहा एकरांवर अंथरलं. सकाळी दहाला अंथरलं, ही चूक. संध्याकाळपर्यंत सगळी बारदानं खडखडीत वाळली आणि गुळाला मुंग्या लागल्या. सकाळी उचलून पाहिलं तर एकेका बारदानाखाली दोन-तीनच शंखी.

१३ तारखेला संध्याकाळी पाचला अंथरलं आणि खाली आठवडी बाजारातून फुकट मिळालेली कोबीची बाहेरची पानं ठेवली. सकाळी सहाला उचललं, तेव्हा ओढ्याकडच्या बारदानांखाली प्रत्येकी तीस-चाळीस. म्हणजे उपाय खरा आहे, वेळ चुकली होती. मात्र पावसाच्या रात्री बारदानाला काही अर्थ नाही. सगळं शिवारच ओलं असताना तिला आडोशाची गरज काय? त्या रात्री हातानंच वेचायचं.

१४ जून

एकूण पाऊस ९२ मिमी. वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावर पेरणी, एकरी ३० किलो बियाणं, दोन तासांत (पिकाच्या ओळींत) ४५ सेंमी अंतर. इथून पुढचे तीनेक आठवडे खरे धोक्याचे. सोयाबीनच्या दोन डाळी आणि मधला कोंब शंखीनं खाल्ला की रोप संपलं, त्याला पुन्हा फूट येत नाही. तिसरं-चौथं त्रिदल पान आल्यावर पानं कुरतडली तरी झाड सावरतं.

१६ जून

पाऊस झाला, वेचणी पुन्हा वाढली: ४८ किलो. मधल्या दोन रात्री सुट्टी घेतली होती, त्याचा हा परिणाम.

शेजारच्या तात्यांनी बांधाच्या आतल्या बाजूनं मिठाचा पट्टा ओढला. मी म्हटलं, "तात्या, पाऊस आला की मीठ तासात उतरंल." रात्री पाऊस आलाच. शंखी पट्ट्यावरून आत गेली ती गेलीच, वर पुढे उगवलेल्या पहिल्या दोन तासांतली रोपं पिवळी पडली. चुन्याचा चार इंची पट्टा आम्हीही दोन ठिकाणी टाकून पाहिला. कोरडा, ताजा, कळीचा चुना असेपर्यंत शंखी ओलांडत नाही. भिजल्यावर दोन-तीन दिवसांत त्याची साधी पांढरी भुकटी होते, आणि मग मोटारीच्या भिंतीवर ती जे खात होती तेच आपण तिला वाढून ठेवलेलं असतं. जूनमध्ये चुन्याच्या पट्ट्याच्या नादी लागू नये. ५०० रुपयांचा चुना आणला होता, उरलेला खड्ड्यात कामी आला.

२० जून

उगवण झाली. ओढ्याकडून पहिल्या सहा तासांत मीटरला ४ रोपं, आतल्या भागात १४-१५. रोपं जमिनीलगत तिरपी कातरलेली, जवळ चिकट माग. कातरलेलं रोप दिसलं की आधी माग शोधावा. माग नसेल तर पैसा म्हणजेच वाणी, हा अनेक पायांचा किडा असू शकतो, त्याचे उपाय वेगळे. सकाळी दहाला सगळे माग वाळून दिसेनासे होतात, म्हणून ही पाहणी सातच्या आत.

वेचणी १९ किलोवर आली होती, तरी नुकसान झालंच. कारण शोधायला वेळ लागला. कापलेलं गवत पडीक तुकड्याच्या कडेला तसंच ढीग करून ठेवलेलं होतं! शंखीला याहून चांगली जागा कुठली? ढीग उलथला, खाली बादलीभर शंखी आणि अंड्यांचे पाच पुंजके. गवत कापणं हे अर्धं काम, ते उचलून वाळवून जाळणं हे उरलेलं अर्धं.

२२ जून

आता औषध. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, शिफारस एकरी २ किलो. पूर्ण शिवारात न टाकता फक्त ओढ्याकाठच्या दोन एकरांच्या पट्ट्यात टाकल्या, एकूण ४ किलो, १,८०० रुपये. कोंडा, गूळ आणि मिथोमिलचं आमिष करायचं एकानं सुचवलं होतं. ते नको म्हटलं. मिथोमिल जहाल विष आहे आणि कोंड्याच्या वासानं आधी शेळी येते, मग मोर येतो.

मेटाल्डिहाइडही निर्धोक नाही, कुत्रं खाऊन मरू शकतं. म्हणून गोळ्या उघड्यावर फेकल्या नाहीत. नारळाच्या करवंट्या आणि फुटक्या कौलांखाली चिमूट-चिमूट, पाच-सहा पावलांवर एक. यानं पावसापासूनही गोळी वाचते. करवंटीच्या कडेला बोटभर फट ठेवावी, पूर्ण टेकली तर शंखी आत जात नाही. पहिल्या वीस-पंचवीस करवंट्या तशाच टेकवल्या गेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या राहिल्या.

२३ जून

सकाळी साडेसहा. करवंट्यांभोवती शंखी फेसाळ बुळबुळीत चिकटा सोडून अर्धवट बाहेर लोळलेल्या. ऊन असतं तर वाळून मेल्या असत्या. आभाळ भरलेलं होतं आणि नऊला भुरभुर सुरू झाली. ओल मिळाली की विष खाल्लेली शंखी पुन्हा पाणी शोषून सावरू शकते. तेव्हा औषध टाकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी लोळलेल्या शंखी वेचाव्याच लागतात. हे न केल्यानं "औषध बोगस निघालं" म्हणणारे बरेच भेटतात. या शंखी वेगळ्या बादलीत, थेट खड्ड्यात. कोंबड्यांना घालायच्या नाहीत, उकळूनसुद्धा.

२५ जून

गावात चर्चा: गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडायची. कोणीतरी मोबाइलवर पाहिलं. हा प्रयोग होऊन गेलाय. हवाई बेटांवर १९५५ मध्ये याच आफ्रिकन शंखीसाठी अमेरिकेतली शिकारी गोगलगाय सोडली. तिनं शंखी सोडून तिथल्या झाडांवरच्या अनेक देशी गोगलगायी संपवल्या. पुढे १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावर तेच केलं आणि दहा वर्षांत तिथल्या देशी झाड-गोगलगायी रानातून जवळजवळ नाहीशा झाल्या. मुळात आफ्रिकन शंखी भारतात आली तीही कोणी हौसेनं आणली म्हणून: १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंख-अभ्यासकानं मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. विषय तिथंच मिटवला.

आपल्याकडच्या देशी गोगलगायी मारू नका, हेही त्याच बैठकीत सांगितलं. आफ्रिकन शंखीचा शंख लांबट, टोकदार, त्यावर तपकिरी उभे पट्टे. पूर्ण वाढलेली तळहाताएवढी. लहान, चपटी, पातळ शंखाची दिसली तर सोडून द्यायची. काजव्याच्या अळ्या दिसल्या तरी सोडायच्या, त्या गोगलगायी खातात.

२ जुलै

वेचणीची शेवटची रात्र, ५ किलो. १० जूनपासूनच्या ११ रात्रींचे आकडे लागोपाठ: ६१, ४०, ३३, ४८, २२, १९, १४, १७, ९, ६, ५. एकूण २७४ किलो. आधीचे २४४ आणि मे मधले ३८ धरून ५५६ किलो.

नांग्या (रोपं गेलेल्या रिकाम्या जागा) २८ जूनलाच भरल्या होत्या. ओढ्याकडच्या तासांत मिळून २० गुंठे, त्याच वाणाचं बियाणं टोकून. वाण वेगळा घेतला तर काढणीला अर्धं पीक वाळलेलं आणि अर्धं हिरवं असं होतं. उशीर करूनही उपयोग नाही. पेरणीनंतर पंधरा दिवसांच्या पुढे टोकलेलं रोप आधीच्या रोपांच्या सावलीत खुरटतं. दुबार पेरणी कोणालाच करावी लागली नाही. तात्यांच्या चार तासांत मात्र मीटरला ७-८ च रोपं उरली.

२७ जुलै

सगळे निर्धास्त, आणि कोळपणी करताना बारीक शंखी दिसल्या: मुगाएवढ्या, पारदर्शक, हाताला न जाणवणाऱ्या. जूनमध्ये घातलेली अंडी फुटली. एक शंखी एका वेळेला शंभर ते चारशे अंडी घालते, एकदा समागम झाला की बीज साठवून पुन्हा पुन्हा घालू शकते, आणि नर-मादी एकाच अंगात असल्यानं प्रत्येक शंखी अंडी घालणारी. सोयाबीन आता गुडघ्याला आलंय, त्याला हिच्यापासून फारसा धोका नाही. धोका पुढच्या जूनला. पाच-सहा महिन्यांत ही पोरं वयात येतात.

या दिवसांत चिमट्यानं वेचणं जमत नाही. जिथं पुंजका सापडतो तिथली फावडंभर माती उचलून उकळत्या ड्रमात टाकली. नऊ ठिकाणं मिळाली, दोन सकाळी गेल्या, काम घरच्याच माणसांनी केलं.

१८ ऑक्टोबर

काढणी झाली. भुसकट बांधावर ढीग करून ठेवायची जुनी पद्धत यंदा मोडली, कारण मे मधल्या ३८ किलोंपैकी सगळ्यात जास्त शंखी भुसकटाच्याच ढिगांखाली मिळाल्या होत्या. यंदा ते खळ्यावरच ठेवलं. एकाला ते पटलं नाही, त्याचा ढीग बांधावरच आहे.

हिशोब:

मे मधली उकराउकर ४,८००. किलोवरची वेचणी २,४४०. तासावरची वेचणी, आठ माणसं, ११ रात्री, १३,२००. बॅटऱ्या आठ, १,७६०. हातमोजे ६००, चिमटे ४००. बारदान ९००, गूळ ३००, मीठ ३००, चुना ५००. गोळ्या १,८००. पडीक तुकड्याचं गवत २,०००. नांग्या १,५००. एकूण ३०,५०० रुपये, म्हणजे एकरी सुमारे २,१८०. बॅटऱ्या, चिमटे, बारदान पुढच्या वर्षीही चालतील. किलोवरची मजुरी, चुन्याचे पट्टे आणि सकाळी अंथरलेली बारदानं टाळली असती तर तीन-साडेतीन हजार वाचले असते. दुबार पेरणी पडली असती तर नुसतं बियाणंच एकरी २,८०० रुपयांचं होतं.

हे एका वर्षात संपत नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९६६ साली एका मुलानं हवाईहून तीन शंखी आणल्या. त्यांचा नायनाट झाला असं जाहीर करायला १९७५ उजाडलं, तेही सरकारी पथकं घरोघर फिरवून आणि दहा लाख डॉलरच्या वर खर्च करून.

६ डिसेंबर

विहिरीच्या फटी सिमेंट-वाळूनं बुजवल्या, एक गोणी सिमेंट गेलं. चिंध्यांच्या काठ्या थंडीत सरपणाला जातात, म्हणून २३ जागी दगडांवर लाल रंगानं आकडे टाकले. ९, १३ आणि १७ नंबरला आत्ताच बंद शंख दिसतायत. मे मध्ये उकराउकरीला तिथूनच सुरुवात करायची, आणि बांधावरच्या त्या भुसकटाच्या ढिगाला २४ नंबर दिलाय.